तीन दहाचं विमान

२ ऑक्टोबर, सकाळी ७.१५

लेकीचा फोन. डॉक्टरांनी बाळंतपणाची तारीख वीस नोव्हेंबर दिली आहे. आम्ही दोघांनी आठवडाभर आधी तिच्याकडे पोचायचं, असं तिचं म्हणणं. थेट विमान आहे बाबा, फक्त चौदा तास पन्नास मिनिटं. मी म्हणालो, 'फक्त' हे वेळेचं माप नाही. ती हसली. हिने तोवर माळ्यावरून दोन्ही बॅगा खाली काढल्या होत्या.

उतावीळपणा. दुसरं काय.

बस डेपोत एकतीस वर्षं वेळापत्रकं केली. कागदावर नीट बसल्याशिवाय एकही गाडी मी रस्त्यावर सोडली नाही. डेपोत मला मिनिटराव म्हणत. आदराने.

संकल्प: अंतर आणि धावण्याची वेळ स्वतः काढायची. तीन दिवस पुरे. मग तिकीट.

३ ऑक्टोबर

तीन वेबसाइट पाहिल्या. १२,८७१ किलोमीटर. १२,९४०. १३,२०४. शहरं तीच दोन. डेपोत असं झालं असतं तर तिघांनाही मेमो दिला असता.

हिला सांगितलं. मधला आकडा धरा म्हणाली. म्हटलं, अंतर असं मधलं धरत नाहीत. मग सगळ्यात कमी आहे तो धरा म्हणाली, लवकर पोचू.

या घरात शास्त्र म्हणून काही नाही.

५ ऑक्टोबर, रात्री ९.००

लेकीचा शाळेतला पृथ्वीगोल काढला. आस सैल आहे, उत्तर ध्रुव जरा चेपलाय, पण दोन्ही शहरं शाबूत. दोऱ्याने माप घ्यायचं ठरवलं. दोरा सापडेना. हिच्या विणकामाच्या टोपलीत पिवळी लोकर होती, ती घेतली. एकदा वापरलेला तुकडा ताणला जातो म्हणून दर वेळी नवा कापला. अकरा मापं. प्रत्येक तुकड्याला आकड्याची चिठ्ठी.

सगळ्यात कमी १२,४००. सगळ्यात जास्त १३,१००. दिशा बरोबर आहे.

संध्याकाळी हिने टोपली बघितली. ती लोकर बाळाच्या स्वेटरसाठी होती आणि दुकानात तो रंग संपलाय, असं कळलं. मी सांगितलं, एकूण साडेतीन मीटरसुद्धा नाही. तर म्हणाली, बाळाचा हात केवढा असतो ठाऊक आहे का तुम्हाला.

ठाऊक नाही. पण तिनेही आकडा दिला नाही.

७ ऑक्टोबर

१२,८७१ हा आकडा तात्पुरता मंजूर केला. भागिले चौदा तास पन्नास मिनिटं. सरासरी वेग ताशी आठशे अडुसष्ट. डेपोत ताशी चाळीसच्या वर सरासरी लावणाऱ्या ड्रायव्हरला मी समोर बसवून चहा पाजत असे आणि मग खरं विचारत असे.

शिवाय मध्ये एकही थांबा नाही. ड्रायव्हर कुठे बदलतात. गाडी तापली तर बाजूला कुठे घेतात.

वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर जिन्यात भेटले. त्यांना हेच प्रश्न टाकले. म्हणाले, अहो, तीस वर्षं मी तिकडची पत्रं पाठवली, एकही पत्र घाबरून परत आलं नाही.

पत्राला काय होतंय. आणि घाबरण्याचा विषय कुणी काढला होता.

१० ऑक्टोबर

गंभीर चूक सापडली. विमान कंपनीच्या वेळापत्रकात जाताना सुटण्याची वेळ पहाटे ३.१० आणि पोचण्याची त्याच दिवशी सकाळी ८.००. म्हणजे चार तास पन्नास मिनिटं. परतीचं विमान सकाळी १०.०० ला निघून दुसऱ्या दिवशी १०.२० ला पोचतं. चोवीस तास वीस मिनिटं. रस्ता तोच. जाताना पाच तास आणि येताना चोवीस, अशी एकच गाडी माझ्या नोकरीत झाली. त्या ड्रायव्हरची सासुरवाडी वाटेत होती.

लेकीला तातडीने फोन लावला. ती झोपेत होती. तिथलं घड्याळ आपल्या दहा तास मागे आहे, तेवढे मिळवा किंवा वजा करा, म्हणजे जमेल, असं जांभया देत म्हणाली.

हे मला माहीत होतंच. तिला माहीत आहे का, एवढंच बघायचं होतं.

१३ ऑक्टोबर

केवळ तुलनेसाठी समुद्रमार्ग तपासला. मालवाहू जहाजं एक-दोन प्रवासी घेतात. चौतीस दिवस, पुढे रेल्वेने पाच. आज निघालो तर एकवीस नोव्हेंबरला दारात. एका दिवसाने हुकतं.

लेकीला फोन करून विचारलं की वीस तारीख अगदी पक्की आहे का, डॉक्टरांशी बोलून एखादा दिवस पुढे सरकवता येईल का. फोन कट झाला. तिकडचं नेटवर्क इतकं वाईट असेल असं वाटलं नव्हतं.

१५ ऑक्टोबर, सकाळी ११.००

ही तिकिटाचं काय झालं म्हणून विचारत होती. मी सांगितलं, अंतर निश्चित झाल्याशिवाय तिकीट काढणं बेजबाबदारपणा ठरेल.

ही भांडत नाही. भांडी पुसत पुसत बोलते. म्हणाली, तिच्या पदवीदानाच्या वेळी तुमचा कान दुखत होता. तिच्या लग्नाला तुमचा गुडघा. तुम्हाला एकट्याला सोडायचं नाही म्हणून मीही राहिले. एकुलत्या एका लेकीचं लग्न मी फोनच्या पडद्यावर पाहिलं. तुम्ही मध्येच उठून घड्याळाला किल्ली दिलीत. हे बाळ मी पडद्यावर बघणार नाही.

मग कपाट उघडून दोघांचे पासपोर्ट टेबलावर ठेवले. लग्नाच्या वेळी काढलेले. व्हिसाही अजून चालतो. आत एकही शिक्का नाही, अगदी नव्यासारखे. वस्तू नीट ठेवण्याची सवय माझी.

कान आणि गुडघा दोन्ही त्या त्या वेळी खरोखर दुखत होते. नोंद असावी.

१६ ऑक्टोबर

तिकीट झालं. दाताच्या दवाखान्याखाली जी तिकीटवाली बसते तिच्याकडे ही स्वतःच जाणार होती. तिला यातलं काय कळणार, म्हणून सोबत गेलो.

तिकीटवालीला मोजके प्रश्न विचारले. मध्ये कुठे उतरता येतं का. पुढच्या दाराजवळची जागा मिळेल का. दार आतून उघडतं का. तिने हिच्याकडे बघितलं. हिने छताकडे. तिकीटवाली म्हणाली, काका, रोज तीन दहाला हे विमान जातं आणि रोज पोचतं. म्हटलं, रोज पोचतं हे माझ्या दृष्टीने नीट तपासलेलं नाही.

तारीख १४ नोव्हेंबर, वेळ ३.१०. दोन जागा.

तिकिटं माझ्या ताब्यात घेतली. नियोजन एकाच हाती असावं.

१८ ऑक्टोबर

दिवसभर बसून तक्ता केला. भिंतीवर लावला. रूळ लावून रेघा, लाल शाईत वेळा. १४ नोव्हेंबर: सकाळी आवराआवर, दुपारी विश्रांती, रात्री साडेदहाला टॅक्सी, ३.१० ला प्रस्थान.

हिने चष्मा लावून वाचलं. म्हणाली, चौदाच्या पहाटेचं विमान म्हणजे तेराच्या रात्री निघायला हवं ना.

सामान्य माणसाची नेहमीची चूक. शांतपणे समजावलं. डेपोचा दिवस पहाटे चारला सुरू होतो, पहिल्या गाडीबरोबर. मध्यरात्रीनंतर पण चारच्या आत जी गाडी सुटते ती आदल्या दिवसाच्या तारखेतच मांडतात, कारण ती त्याच दिवसाची शेवटची पाळी. म्हणजे चौदाचं तीन दहा हे चौदा तारीख पूर्ण झाल्यावर, त्या रात्री. एकतीस वर्षांत एकही ड्रायव्हर चुकीच्या रात्री आला नाही.

तिने विचारलं, विमानवाल्यांना हा डेपोचा नियम ठाऊक आहे का.

म्हटलं, वेळापत्रकाचं शास्त्र सगळीकडे एकच.

तिने चष्मा काढून डबीत ठेवला. ही बोलली नाही की पटलं असं समजावं. संसाराचाही एकतीस वर्षांहून जास्त अनुभव आहे.

२४ ऑक्टोबर

डाव्या कानात बारीक शिट्टी वाजतेय. कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. यंत्र घालून बराच वेळ बघितलं. ठणठणीत आहे म्हणाले. मी म्हटलं, विमानप्रवास टाळावा असं लिहून देण्याइतकं काही आहे का, पाहा. पुन्हा पाहिलं. नाही म्हणाले. नवीन पिढीच्या डॉक्टरांना निदान जमत नाही.

ही बाहेर बसली होती. काय म्हणाले विचारलं. म्हटलं, लक्ष ठेवा म्हणाले.

२९ ऑक्टोबर

आपण नसताना झाडांना पाणी कोण घालणार, हा मुद्दा कुणाच्याच लक्षात आला नव्हता. सात कुंड्या. यामुळे सगळंच पुढे ढकलावं लागण्याची शक्यता आहे, असं जेवताना सुचवलं.

हात धुऊन येईपर्यंत ही वर जाऊन पोस्टमास्तरांना सांगून आली होती. ते उद्यापासूनच सुरुवात करणार आहेत. सराव म्हणून.

५ नोव्हेंबर

सराव मीही केला. जेवणाच्या टेबलाच्या तीन खुर्च्या एका ओळीत, समोर कपाट वीतभर अंतरावर ओढून घेतलं. मधल्या खुर्चीत बसलो. कमरेला पट्टा. चौदा तास पन्नास मिनिटांची चाचणी. सकाळी ९.०० ला सुरू.

ही विणकाम घेऊन शेजारच्या खुर्चीत येऊन बसली. दहा मिनिटांत झोपली. थेट पावणेएकला उठली आणि पोचलो का म्हणून विचारलं.

मी १०.२० ला चाचणी आटोपती घेतली होती. एक तास वीस मिनिटं. त्यात कसलाही त्रास झाला नाही, घाम आला तो कपाटामुळे. एवढ्यावरून उरलेले साडेतेरा तास त्याच प्रमाणात काढता येतात. चाचणी यशस्वी.

११ नोव्हेंबर

हिने माझीही बॅग भरली. वर इस्त्रीचा निळा शर्ट, बाळाला घ्यायला मऊ असावा म्हणून. बॅग बंद करताना पुन्हा म्हणाली, तेराच्या रात्री. मी बोटाने तक्ता दाखवला.

पोस्टमास्तर पाणी घालायला आले होते. त्यांनाही तक्ता दाखवला. बराच वेळ वाचत होते. अक्षर सुरेख आहे म्हणाले.

१३ नोव्हेंबर, संध्याकाळी ५.००

ही सकाळपासून विचित्र वागतेय. फ्रिज रिकामा केला, दूधवाल्याला उद्यापासून नको म्हणून सांगितलं, नवी साडी नेसली. विचारलं तर म्हणाली, अहो, चारदा सांगून झालं, पाचव्यांदा सांगत नाही. साडेदहाला टॅक्सी येईल. मागे दोन माणसं बसतात.

मी विचारलं, कुणी सांगितलं आज म्हणून. म्हणाली तिकीटवालीने. लेकीने. जावयाने. कॅलेंडरने.

चौघेही बाहेरचे. यातल्या एकानेही कधी पाळी लावलेली नाही.

तिने आपल्या वाटणीचं तिकीट मागितलं. दिलं. माणसाला स्वतःच्या चुकीतून शिकू द्यावं.

रात्री १०.५०

गेली. दारात दोन मिनिटं उभी होती. चला ना, म्हणाली. नुसतं एवढंच. टॅक्सीवाल्याने दोनदा हॉर्न दिला. मी म्हटलं, तू जाऊन ये, उद्या पुन्हा जायचंच आहे. तिने माझ्या बॅगेकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि जिना उतरली. जिन्याचा दिवा पोस्टमास्तरांनी लावला. त्यांना सगळं माहीत होतं असं दिसतं.

विमानतळावरून परत पाठवतील. साधारण दोनच्या सुमारास येईल. थर्मासमध्ये चहा करून ठेवला. मी तिला काही बोलणार नाही. नुसतं तक्त्याकडे बघेन.

१४ नोव्हेंबर, सकाळी ६.३०

आली नाही. टॅक्सी मिळाली नसेल. थर्मासमधला चहा मी प्यायलो. नवा केला.

सकाळी ११.००

आली नाही. दूधही आलं नाही. कोरा चहा.

तक्त्याप्रमाणे आवराआवर केली. सगळं आवरलेलंच होतं.

संध्याकाळी ६.४०

लेकीच्या फोनवरून निरोप: आई पोचली. सोबत फोटो. ही, लेक आणि लेकीचं पोट, सगळी हसताना. मागे जावई, हातात हिची बॅग. वेळ तिथली सकाळी आठ चाळीस.

उलगडा झाला. रोज तीन दहाला विमान असतं हे तिकीटवालीच म्हणाली होती. ही चुकून तेराच्या विमानात बसली. कुणाच्या लक्षात आलं नाही. आपलं चौदाचं, ते आज. यात गोंधळण्यासारखं काहीच नाही. रात्री साडेदहाला टॅक्सी सांगितली. निळा शर्ट घातला.

१५ नोव्हेंबर, सकाळी ७.००

रात्रीचा वृत्तान्त. सवडीने लिहायचा होता, पण सवडच आहे.

विमानतळावर वेळेआधी पोचलो. सामानाच्या खिडकीवर एक मुलगी होती. तिने तिकीट बघितलं आणि काका, हे विमान काल गेलं, असं सांगितलं. मी तिला डेपोचा दिवस समजावला. चार मिनिटं लागली. मागे रांग होती. तिने पूर्ण ऐकून घेतलं, एखाद्या चांगल्या कंडक्टरसारखं. मग म्हणाली, तुमचं सगळं बरोबर असेल, पण काल तुमचं नाव तीनदा पुकारलं. सोबतच्या काकू शेवटपर्यंत दाराशी उभ्या होत्या म्हणे.

हे हिने सांगितलं नव्हतं.

पुढे म्हणाली, आजच्या विमानात जागा आहे. तिकीट बदलून देते. बावीस नंबरची, मधल्या वाटेच्या कडेला. जायचं का.

बॅग पट्ट्यावर ठेवली. साडेबावीस किलो. मुलीने पट्ट्याच्या बटणावर हात ठेवला. त्या वेळी मी एकच प्रश्न विचारला, कुणीही विचारला असता तो. दोन्ही शहरांमधलं अंतर नेमकं किती. तिने शेजारच्याला विचारलं. त्याने पडद्यावर पाहिलं. १२,९०२.

माझा मंजूर आकडा १२,८७१. एकतीस किलोमीटरचा फरक. बसने पाऊण तास. एवढा वेळ हवेत आपण नेमके कुठे असणार, हे तिथे कुणालाच सांगता येईना. मुलगी म्हणाली, काका, जाता का.

मी बॅग पट्ट्यावरून उतरवली. तत्त्वाचा प्रश्न होता.

येताना टॅक्सीवाल्याने विचारलं, कुणाला सोडायला गेला होतात. म्हटलं, बायकोला. तेही खोटं नाही.

१७ नोव्हेंबर

हिचा फोन. मी पहिल्यांदा धावण्याची वेळ विचारली. घड्याळ बघितलं नाही म्हणाली. दोनदा जेवले, दोनदा झोपले, शेजारच्या बाईला बाहीचे टाके दाखवले, तेवढ्यात उतरा म्हणाले.

दाराशी उभी होतीस का, असं विचारणार होतो. तिनेच विचारलं, जेवता का वेळेवर. हो म्हटलं. मागून लेक म्हणाली, बाबांना विचार, अंतर ठरलं का. दोघी हसल्या. मीही हसलो, थोड्या उशिराने. लाइनमध्ये सेकंदभराचा फरक पडतो.

संकल्प: १२,८७१ आणि १२,९०२ यांतला कुठला खरा, याचा आठवड्यात निकाल लावायचा. लगेच तिकीट.

१८ नोव्हेंबर

पृथ्वीगोल पुन्हा काढला. आस निखळली.

२० नोव्हेंबर, संध्याकाळी ६.३०

मुलगी झाली. तिथल्या पहाटे २.२० ला. दोघी सुखरूप.

डेपोच्या हिशेबाने ही वेळ एकोणीस तारखेत जाते. मी तोंड उघडायच्या आत ही म्हणाली, तारीख वीस आहे. हो म्हटलं. वहीत वीस लिहिली. खाली सही केली: तपासले, बरोबर आहे.

विमानाची धावण्याची वेळही एकदाची नक्की झाली. माझ्याकडे उरलेल्या तिकिटावरून, तिथले दहा तास मिळवून. चौदा तास पन्नास मिनिटं. २ ऑक्टोबरला लेक म्हणाली होती तेवढीच. तिचं गणित पहिल्यापासून चांगलं आहे.

हिने फोन बाळासमोर धरला. चार मिनिटं पडद्यावर पाहिलं. मग तिकडे नर्स आली. मी मध्ये एकदाही उठलो नाही.

बाळाला पिवळा स्वेटर घातला होता. उजवी बाही बरोबर मनगटापर्यंत. डावी दोन बोटं आखूड. हात थंड पडत असेल म्हणून ही तो आपल्या हातात धरून बसली होती.

उरलेली लोकर इथे माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. अकरा तुकडे, चिठ्ठ्या लावलेले. मगाशी पुन्हा मोजून पाहिले. एकही दुसऱ्याशी जुळत नाही.